रात्रपाळीतले निर्णय आणि परिसेविकेचे अधिकार : उपजिल्हा रुग्णालयातून एक प्रश्न

वैनगंगाकाठ (परिसेविका) यांचा प्रश्न

नमस्कार. पूर्व विदर्भातील एका ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात मी अनेक वर्षे अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होते आणि यंदा पदोन्नतीने परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, झाले. प्रसूती कक्ष आणि स्त्री विभाग हे दोन्ही माझ्याकडे आहेत. पद मिळाल्याचे समाधान आहेच, परंतु गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मनाला सारखा लागून राहिला आहे. येथे शुश्रूषा क्षेत्रातली अनुभवी मंडळी आहेत, म्हणून तो सविस्तर मांडते.

माझा दिवस ड्युटी लावण्यात, रजेच्या अर्जांत, इंडेंट (साहित्याची मागणीपत्रे) काढण्यात, स्टॉक बुक जुळवण्यात, धोब्याकडून आलेल्या चादरी मोजून घेण्यात आणि ऑनलाइन अहवाल भरण्यात संपतो. ही कामे हलकी आहेत असे मी मानत नाही, कारण ऐन वेळी सलाईनचा सेट सापडला नाही तर काय होते ते मी वॉर्डात राहून पाहिले आहे. परंतु रुग्णसेवेचा दर्जा राखणे, नव्या सिस्टरांना घडवणे, डॉक्टरांसोबत बसून रुग्णाचा विचार करणे, हे जे नेतृत्व आम्हाला शिकवले गेले होते त्याला दिवसभरात जागाच उरत नाही. राउंडच्या वेळी सिस्टर ट्रे धरून उभी असते आणि तिने रात्रभर जे पाहिले ते तिला कोणी विचारत नाही.

खरी अडचण रात्रीची आहे. रात्री सगळ्या रुग्णालयाला एकच वैद्यकीय अधिकारी असतात. ते अपघात विभागात कोणाला टाके घालत असताना इकडे प्रसूती कक्षात वार पडल्यावरही रक्तस्राव थांबत नसेल, तर सुरुवातीची मिनिटे सिस्टरच्याच हातात असतात. ती गर्भाशय चोळते, गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन देते, शीर धरून सलाईन लावते, लघवीची नळी घालते, आणि डॉक्टर धावत येईपर्यंत निम्मे उपचार झालेले असतात. मग डॉक्टर केस पेपरवर आदेश लिहितात आणि आधी दिलेली औषधे त्या आदेशाखाली बसवली जातात. बाई सुखरूप घरी गेली की त्याची कोणी चौकशी करत नाही, पण काही बिघडले तर पहिला प्रश्न येतो तो ‘कोणाला विचारून दिले?’ हाच. परिणामी नव्या मुली हात आवरून फोन लावत बसतात, आणि नातेवाईक दारातून सांगत असतात, “सिस्टर, बाई लय थंडी पडून रायली.”

माझे विचारणे असे आहे की, परिसेविका म्हणून मी या परिस्थितीत नेमके काय बदलू शकते? माझ्या सिस्टरांनी डॉक्टर येण्याआधी किती करावे, हे ठरवण्याचा अधिकार मला आहे का? आणि तो नसेल तर तो कोणाकडून आणि कशा रीतीने मिळवावा?

निवृत्त अधिसेविका (मेट्रन), अमरावती

ताई, प्रथम पदोन्नतीबद्दल अभिनंदन. तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण परिसेविका झाल्यावर पुष्कळ जणी स्टॉक बुकातच रमतात आणि रुग्णाच्या खाटेपासून हळूहळू दूर जातात.

तुम्ही ज्याला अधिकार नाही असे समजता, त्यातला बराचसा अधिकार शासनाने कधीच दिलेला आहे. कुशल प्रसूती सहायकांसाठीच्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसाविका), आरोग्य सहायिका आणि स्टाफ नर्स यांना ठरावीक प्रसंगी ठरावीक औषधे स्वतः देता येतात. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत द्यायची, यासाठी डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहायची नसते. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, म्हणजे प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम अशी एकूण १० ग्रॅम, उपकेंद्रातल्या ए.एन.एम.नेसुद्धा देऊन मगच रेफर करायचे असते. असे असताना उपजिल्हा रुग्णालयातली पदवीधर सिस्टर घाबरते, याचे कारण हे कागद तिला कोणी दाखवलेले नसतात. ते मिळवून मोठ्या अक्षरात प्रसूती कक्षाच्या भिंतीवर लावणे हे तुमचे पहिले काम समजा. ‘कोणाला विचारून दिले?’ याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

दुसरी गोष्ट ओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण एकमेकींच्या ताब्यात देण्याची. बहुतेक ठिकाणी ओव्हर टेबलाशी उभे राहून, रिपोर्ट बुक वाचून, पाच मिनिटांत उरकला जातो. तुम्ही तो खाटेपाशी घ्यायला लावा. जाणारी आणि येणारी अशा दोघी प्रत्येक बाईच्या खाटेजवळ उभ्या राहतील, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की नाही ते पाहतील, पॅड बघतील, नाडी मोजतील, आणि मगच येणारी सिस्टर सही करील. आपल्याकडच्या बाया मुळातच रक्ताने कमी असतात. पुस्तकात ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर धोका असे लिहिलेले असले, तरी सहा-सात हिमोग्लोबिनच्या बाईला त्याहून कमी रक्तस्रावही झेपत नाही. हे सिस्टरच्या हाताला कळायला हवे, आणि ते हात तयार करणे परिसेविकेच्याच हातात असते.

आपत्कालीन ट्रेबद्दलही सांगते. मी ज्या रुग्णालयांत होते त्यांपैकी एका ठिकाणी रात्री कपाटाची किल्ली एका कर्मचाऱ्याच्या घरी असायची आणि ऑक्सिटोसिन बाहेरच्या ट्रेमध्ये उन्हाळाभर पडून राहायचे. अमरावती-अकोल्याच्या ४५ अंशांत ते औषध टिकेल कसे? ते २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्येच ठेवावे लागते आणि वीज गेली की फ्रीजचे काय होते हेही पाहावे लागते. किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरच्या ताब्यात असली पाहिजे, हा नियम मी वरिष्ठांशी बराच वाद घालून करून घेतला. नेतृत्व म्हटले की भाषणे, परिषदा आणि १२ मेचा सत्कार डोळ्यांपुढे येतो, परंतु माझ्या मते किल्ली कोणाकडे राहील हे ठरवून घेण्याइतके मोठे नेतृत्व वॉर्डात दुसरे नाही.

चादरी मोजणे, औषधभांडाराचा हिशेब आणि संगणकावर आकडे भरणे यांसाठी अन्य कर्मचारी मागा, तोंडी न मागता लेखी मागा, आणि त्या कामात सिस्टरांचे किती तास जातात ते सोबत जोडा. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के जादा असे प्रमाण असायला हवे. ते आपल्याकडे कुठे आढळत नाही, हे आपण सगळे जाणतो. जितक्या आहेत तितक्यांचा वेळ तरी रुग्णापाशी जावा, एवढा आग्रह धरणे तुम्हाला शक्य आहे.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा

सिस्टर, मी डॉक्टर असल्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो, परंतु तुमच्या विरोधात लिहीत नाही.

आमच्या भागात कपाशीवरच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा रुग्णाला ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू करणे डॉक्टरचे काम असले, तरी तो रुग्ण जगतो की नाही हे पुढच्या रात्रभरात ठरते आणि त्या रात्रभर त्याच्यापाशी सिस्टर असते. छातीतली घरघर कमी झाली का, काखेतला घाम सुकला का, नाडी ८०च्या वर आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या अजून टाचणीच्या टोकाएवढ्याच आहेत का, हे तिने ठरावीक वेळाने पाहून तक्त्यात लिहायचे असते. ॲट्रोपिन जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते, लघवी अडते, पोटातले आवाज बंद होतात, आणि मात्रा कमी करायची वेळ आली हे तिलाच सर्वांत आधी कळते. मी ज्या सिस्टरांबरोबर हे काम केले, त्यांच्यापैकी अनुभवी सिस्टरांचा तक्ता वाचूनच मी मात्रा ठरवत असे. असे असताना राउंडला त्यांना केवळ ट्रे धरायला उभे करणे हे रुग्णाच्या हिताचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीचा वृत्तांत सिस्टरनेच सांगावा आणि डॉक्टरांनी तो ऐकूनच तपासणीला सुरुवात करावी, हा बदल तुम्हाला कोणत्याही आदेशाविना, केवळ एखाद्या समजूतदार सहकाऱ्याच्या मदतीने सुरू करता येईल.

सर्पदंशाचेही तसेच आहे. घोणसाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, म्हणून दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून नंतर नळी तिरपी करून पाहायची असते. नळी कोरडी, नवी आणि काचेची हवी, कारण प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निष्कर्ष चुकतो आणि त्या चुकीपायी विषरोधक लस एक तर विनाकारण दिली जाते किंवा हवी असताना रोखली जाते. अपघात विभागात अशा नळ्या आहेत की नाहीत, हे मी परिसेविकेलाच विचारतो आणि तीच मला खात्रीने सांगू शकते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अधिकार मागण्यापेक्षा लेखी कार्यपद्धती मागा, असा माझा सल्ला आहे. ‘सिस्टरांनी तातडीने योग्य उपचार करावेत’ अशी मोघम वाक्ये कोणालाच वाचवत नाहीत. कोणते लक्षण दिसल्यावर, कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या मार्गाने, कोणाला कळवून द्यायचे आणि कोणत्या स्थितीत अजिबात द्यायचे नाही, इतके सगळे एका पानावर असले पाहिजे. उदाहरणार्थ, प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढला तर गर्भाशय चोळणे, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, लघवीची नळी आणि रक्तगटाचा नमुना ही कामे सिस्टरने तात्काळ करावीत. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा १ ग्रॅम प्रसूतीपासून ३ तासांच्या आत शिरेतून सावकाश द्यायचा असतो, तो डॉक्टरांशी फोनवर बोलून द्यावा आणि फोनची वेळ केस पेपरवर लिहावी. गर्भाशयात हात घालून वार काढणे मात्र डॉक्टर आल्याशिवाय करू नये. अशी विभागणी लिहून ठेवली की नव्या सिस्टरचा हात अडखळत नाही आणि जुन्या सिस्टरला अनुभवाच्या जोरावर रेषा ओलांडावी लागत नाही.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. ग्रामीण भागात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि सिस्टर सगळे सांभाळते असे दिसले की त्या भरण्याची निकड कमी होत जाते. परिचारिकांची भूमिका वाढली पाहिजे हे मला मान्य आहे, परंतु वाढलेल्या भूमिकेबरोबर वेतन, मनुष्यबळ आणि कायद्याचे संरक्षणही वाढले पाहिजे, अन्यथा ते कमी पैशांत जास्त काम करवून घेणे होईल.

मेळघाट उपकेंद्र (समुदाय आरोग्य अधिकारी)

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी थोडी असहमत आहे, म्हणून लिहिते. मी बी.एस्सी. नर्सिंग केले, नंतर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता धारणी-चिखलदरा पट्ट्यातील एका आयुष्मान आरोग्य मंदिरात काम करते. २०१८ मध्ये ही केंद्रे सुरू झाली तेव्हा त्यांना आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष असला, तरी पाड्यांमधली अंतरे आणि पावसाळ्यातले नाले लोकसंख्येत मोजले जात नाहीत. येथे डॉक्टरची जागा भरली तरी डॉक्टर प्रत्येक पाड्यावर रोज पोहोचू शकणार नाही. त्यामुळे परिचारिकेकडे वाढीव जबाबदारी येणे ही आमच्याकडे तात्पुरती सोय मानता येत नाही, ती कायमचीच गरज आहे. वेतन आणि संरक्षणाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे, कारण आमच्यापैकी बहुतेक जणी कंत्राटी आहेत.

परिसेविकाताई, तुमचा प्रश्न अधिकाराचा आहे, माझ्यापुढे आधी वयाचा प्रश्न उभा राहिला. उपकेंद्राची प्रमुख मी, आणि माझ्या हाताखाली ज्या ए.एन.एम. ताई आहेत त्यांनी या गावांतली दोन पिढ्यांची बाळंतपणे केलेली आहेत. त्यांना येथली कोरकू भाषा येते, मला ती येथे आल्यावर शिकावी लागली. त्यांना मी आदेश द्यायचे, ही कल्पनाच सुरुवातीला दोघींना अवघड गेली. शेवटी आम्ही कामाची वाटणी उघडपणे बोलून ठरवली. बाळंतपण, लसीकरण आणि गरोदर मातांच्या भेटी यांत त्यांचा शब्द अखेरचा राहील आणि मी त्यांना मदत करीन. रक्तदाब, मधुमेह, तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगाची तपासणी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि दूरस्थ सल्ला यांत मी निर्णय घेईन आणि ताई लोकांना माझ्यापर्यंत आणतील. आशाताईंच्या मासिक सभेत हे दोघींनी मिळून सांगितले, त्यामुळे गावातही गोंधळ राहिला नाही. भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, आधी जाणारे लोक अजूनही आहेत. त्यांच्याशी भांडण न करता, आजारी मूल दिसले की आम्हाला निरोप द्या असे भुमकांना सांगत राहणे हे काम ए.एन.एम. ताईंनीच केले आणि ते त्यांच्याच शब्दावर झाले.

लेखी कार्यपद्धतीचा मला आलेला अनुभव सांगते. दिवाळी झाली की येथली कुटुंबे मजुरीसाठी बाहेर जातात आणि होळीला परततात. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभराच्या हिशेबाने दिल्या जातात. जाणारा माणूस महिन्याभराच्या गोळ्या घेऊन जातो, त्या संपल्यावर उपचार सुटतो आणि होळीला परत येतो तेव्हा रक्तदाब १८०च्या पुढे गेलेला असतो. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे रजिस्टर ठेवले, कोणकोणत्या रुग्णांचे उपचार केवळ स्थलांतरामुळे तुटले ते दाखवले, आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे त्यांना जाण्यापूर्वी अधिक दिवसांच्या गोळ्या देण्याची लेखी सूचना मागितली. ती मिळाली. कोणाला द्यायच्या, कोणाला द्यायच्या नाहीत आणि सोबत कोणती चिठ्ठी द्यायची, हे त्या कागदावर आहे. परक्या गावच्या दवाखान्यात दाखवता यावी म्हणून चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि मात्रा ठळक लिहितो.

सिकलसेलबद्दल विदर्भात कोणाला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्ट २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे आहे आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. प्राथमिक चाचणी आम्ही करतो, पक्के निदान पुढे प्रयोगशाळेत होते, परंतु निदानानंतरचे आयुष्यभराचे काम पुन्हा आमच्याकडेच येते. अंग दुखायला लागल्यावर पाणी भरपूर पाजणे, थंडीपासून जपणे, ताप आला तर घरी न थांबणे, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असेल तर रक्ताची तपासणी न चुकवणे आणि लग्न ठरवताना दोघांचे कार्ड पाहणे, हे सगळे घरोघरी बसून सांगावे लागते. एवढे करूनही आढावा बैठकीत किती नोंदी ऑनलाइन झाल्या एवढेच विचारले जाते आणि डोंगरात नेटवर्क नसते, याचे फार वाईट वाटते.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अधिसेविका मॅडम, मार्गदर्शक सूचना मी जिल्ह्याच्या कार्यालयाकडून मागवल्या आहेत आणि खाटेपाशी ओव्हर घेणे प्रसूती कक्षात सुरू केले आहे. दोघी जणी कुरकुरल्या, कारण सुटायला उशीर होतो. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, म्हणून ड्युटी लावताना पंधरा मिनिटांची मोकळीक ठेवण्याचा विचार आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितले तसे एका पानाचे टिपण केले आहे. आमचे वैद्यकीय अधीक्षक अनुकूल आहेत, परंतु असा कागद स्वतःच्या सहीने काढायचा का, अशी त्यांना शंका वाटते. शिवाय त्यांची बदली झाली तर पुढे काय, हाही प्रश्न आहे. यावर कृपया लिहावे.

शुश्रूषा शिक्षिका, वर्धा

डॉक्टर तुमच्या या प्रश्नाचे उत्तर देतीलच, मी त्याआधी मूळ प्रश्नाला थोडी जोड देते.

परिचारिकेला निर्णयाचा अधिकार द्यावा की नाही, या वादात आपल्या विदर्भाचा पुरावा फार मोठा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत बेताचे शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्या घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले, आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या आशांकडे आले. त्या स्त्रियांना हे जमले, कारण प्रत्येक लक्षणाची व्याख्या ठरलेली होती, प्रत्येक भेट लिहिली जात होती आणि ते लिखाण नियमित तपासले जात होते. मग चार वर्षे शिकलेल्या परिचारिकेला झेपणार नाही, असे म्हणायला काय आधार उरतो?

म्हणून माझा भर नोंदीवर आहे. विद्यार्थिनींना मी फ्लोरेन्स नाइटिंगेल शिकवते तेव्हा दिव्यापेक्षा तिच्या तक्त्यांवर जास्त वेळ देते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे तिने आकड्यांनी सिद्ध केले आणि सरकारला लष्करी रुग्णालये सुधारावी लागली. ताई, तुम्हीही प्रसूती कक्षात एक साधी वही ठेवा. रक्तस्राव लक्षात आला ती वेळ, पहिले औषध दिले ती वेळ, डॉक्टरांना कळवले ती वेळ, ते पोहोचले ती वेळ आणि बाईचे पुढे काय झाले, इतकेच लिहा. कोणाचीही तक्रार त्यात नको. वर्षभराने हीच वही घेऊन मनुष्यबळ मागायला गेलात, तर तुमचे म्हणणे टाळणे वरिष्ठांना कठीण जाईल. युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांत झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. आपल्याकडे तर एकेका सिस्टरवर तीस-तीस रुग्ण असतात आणि त्याचा परिणाम मोजणारी साधी वहीसुद्धा नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याआधी, २०१८ मध्ये, केंद्र शासनाने सूतिका सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १८ महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’कडे सामान्य बाळंतपणांची स्वतंत्र जबाबदारी सोपवण्याचे ठरले. तुमच्या सिस्टरांपैकी जिला या कामाची आवड आहे, तिला या प्रशिक्षणाला पाठवा. ती दीड वर्ष ड्युटीवर नसेल, म्हणून वॉर्डातून विरोध होईल, तरीही पाठवा.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा

सिस्टर, अधीक्षकांची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर सोपे आहे. प्रसूती कक्षाच्या गुणवत्तेसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि त्याच्या मूल्यांकनात लेखी कार्यपद्धती व तातडीच्या प्रसंगांचा सराव या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. म्हणजे असा कागद काढणे हे अधीक्षकांचे धाडस ठरत नाही, ते त्यांच्याकडून अपेक्षितच आहे. टिपणात शासनाच्या सूचनांबाहेरचे एकही औषध किंवा कृती ठेवू नका, प्रत्येक कलमासमोर ते कोणत्या सूचनेतून घेतले ते लिहा, रुग्णालयातील किंवा जिल्ह्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांची सही घ्या, नंतर अधीक्षकांची घ्या आणि एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांकडे माहितीस्तव पाठवून पोच जपून ठेवा.

बदलीचा प्रश्नही त्यातच सुटतो. कागदावर व्यक्तीचे नाव न घालता पदनाम घाला आणि दरवर्षी एका ठरलेल्या महिन्यात फेरआढावा होईल असे शेवटी लिहा. नवे अधीक्षक आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांची सही घ्या. ते काही बदल सुचवतील तर तेही लेखीच घ्या.

सरावासाठी दुपारी दोनची वेळ सर्वांत सोयीची पडते, कारण त्या वेळी सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही पाळ्यांतल्या सिस्टर हजर असतात. रिकाम्या कुप्या आणि जुना सलाईन सेट वापरावा, एकीने बाळंतीण व्हावे आणि एकीने घड्याळ धरावे. रात्रपाळीच्या सिस्टरांना त्यांच्या दिवसपाळीच्या आठवड्यात आठवणीने सामील करून घ्या, आणि शक्य असेल त्या दिवशी त्या वेळच्या डॉक्टरांनाही बोलवा. आमच्याकडच्या अशा सरावाला मी दर महिन्याला जातो.